ऑफिसला जाणारी पद्मिनी

मंडळी, 'क्लासिक कार' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? चकचकीत क्रोम, रविवारची रॅली, एखाद्या संस्थानिकाची रोल्स रॉइस आणि दोरीच्या अलीकडून फोटो काढणारी जनता. माझ्याकडची क्लासिक कार यातली नाही. ती आहे १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी. आजोबांनी घेतलेली. ते तिने मुलुंडहून फोर्टला ऑफिसला जायचे, मी मुलुंडहून बीकेसीला जातो. पावसाळा सोडला तर आठवड्यातले निदान तीन दिवस.

पार्किंगमध्ये हमखास कुणीतरी म्हणतं, "अरे, हिला रोज कशाला काढतोस? जपून ठेव की!" आज या 'जपून ठेव'बद्दलच लिहायचंय. कारण या गाडीचा इतिहास वाचत गेलो तसं एक लक्षात आलं. पद्मिनी पन्नास वर्षं टिकली ती जपल्यामुळे नाही, वापरल्यामुळे.

तर सुरुवात करू सोलापूरच्या एका माणसापासून. वालचंद हिराचंद. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी भारतात बनल्या पाहिजेत असं इंग्रजांच्या राज्यात ठरवणारा उद्योगपती. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार होता, त्यामुळे डॉज, प्लिमथ अशा गाड्या जोडल्या जायच्या. पुढे १९५०च्या सुमारास इटलीच्या फियाटशी सूत जुळलं.

मग आला १९५३ सालचा टॅरिफ कमिशनचा अहवाल. नुसते सुटे भाग आणून गाडी जोडायची असेल तर इथे जागा नाही, गाडी हळूहळू इथेच बनवणार असाल तर राहा, असं सरकारचं धोरण ठरलं. १९२०च्या दशकापासून इथे गाड्या जोडणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. मोटारींच्या बाजारात मुख्यतः उरले तिघं: कलकत्त्याजवळ हिंदुस्तान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड आणि मुंबईत आपली प्रीमियर.

त्याच १९५३ मध्ये इटलीत फियाट ११०० चं नवं मॉडेल आलं. कुर्ल्यात ते १९५४ पासून जोडलं जाऊ लागलं. पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, गोल पाठीची ही गाडी मुंबईकरांना बघताक्षणी कशी दिसली असेल हे तिच्या नावावरूनच कळतं: डुक्कर फियाट! (हे नाव प्रेमानंच ठेवलेलं, बरं का :-)) १९६४ पासून आली कोनदार अंगाची ११०० डी, म्हणजे फियाट डिलाइट. पुढे फियाटचं नाव काढून तिला 'प्रीमियर प्रेसिडेंट' केलं गेलं आणि १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'. म्हणजे नाव चितोडच्या राणीचं, अंगकाठी इटालियन आणि जन्मगाव कुर्ला.

आता गंमत बघा. इटलीत ११०० ची मालिका १९६९ मध्ये संपली. तिच्या जागी फियाट १२८ आली, पुढच्या चाकांना ताकद देणारी, त्या काळात फार पुढची गाडी. आपल्याकडे मात्र तीच ११०० डी नाव बदलून जवळजवळ शतक संपेपर्यंत बनत राहिली. इंजिन तेच, १०८९ सीसी, चार सिलेंडर, चाळीसेक हॉर्सपॉवर. स्टिअरिंगखालचा गिअरही बहुतेक काळ तोच.

यात कौतुकासारखं फारसं काही नाही. लायसन्स-परमिट राजमध्ये किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं, १९६९ मध्ये तर विक्रीची किंमतही सरकारनेच ठरवून दिली. गिऱ्हाईक नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायला तयार. मग नवी गाडी काढायची कुणाला गरज? आजोबांनीही थांबूनच घेतली. खुद्द लालबहादूर शास्त्रींनी १९६४ मध्ये पंतप्रधान असताना फियाट घेतली ती बँकेकडून ५,००० रुपये कर्ज काढून. गाडीची किंमत होती १२,००० रुपये. शास्त्री १९६६ मध्ये गेले, आणि उरलेलं कर्ज त्यांच्या पत्नी ललितादेवींनी पेन्शनमधून फेडलं. कुर्ल्याच्या ज्या आग्रा रोडलगत फियाट बनायच्या त्याच रस्त्याला पुढे शास्त्रींचं नाव दिलं गेलं. मी रोज त्याच एल.बी.एस. मार्गाने जातो. कारखाना गेला, पण 'प्रीमियर रोड' हे नाव तिथे राहिलंय.

आता मुद्द्यावर येतो. इतकी जुनी रचना असलेली गाडी मुंबईसारख्या शहरात टिकली कशी? उत्तर एका शब्दात: टॅक्सी. काळी-पिवळी म्हणजे पद्मिनी हे समीकरण मुंबईत कित्येक वर्षं होतं. टॅक्सी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडाली. त्यामुळे जो भाग बिघडेल तो त्याच दिवशी, कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे, खिशाला परवडेल अशा पैशात दुरुस्त झाला पाहिजे ही अट होती. पद्मिनी त्या अटीत चपखल बसली. बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं: कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, पेट्रोल पंप. लॅपटॉप जोडून एरर कोड वाचायची भानगड नाही. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली तर पंपावर ओला फडका टाकायचा, दहा मिनिटं थांबायचं, की स्वारी पुढे.

हजारो टॅक्स्यांमुळे सुट्या भागांचा बाजार चालू राहिला. कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाउसची दुकानं, गल्लीबोळातले मेकॅनिक. आजोबांसारखे खासगी मालक त्याच बाजाराच्या जिवावर निश्चिंत असायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्या सिस्टीमवर रोज लोड येतो तिचे बग सापडतात आणि कुणीतरी ते दुरुस्तही करतं. अर्काइव्हमध्ये टाकलेला कोड पाच वर्षांनी साधा कंपाइलसुद्धा होत नाही.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि खासगी गिऱ्हाईक तिकडे वळलं. टॅक्सीवाले मात्र पद्मिनीलाच धरून राहिले. २००० नंतर कोर्टाच्या आदेशांमुळे टॅक्स्या सीएनजीवर गेल्या, डिकीत सिलेंडर बसला आणि बॅगा टपावरच्या कॅरियरवर. पुढे टॅक्सीला २५ वर्षांची आणि नंतर २० वर्षांची वयोमर्यादा आली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. हिशेब सोपा आहे. ऑक्टोबर २०२३ संपता संपता मुंबईची पद्मिनी टॅक्सी संपली. पेपरांत भावुक लेख आले, लोकांनी फोटो टाकले. माझ्या मेकॅनिकचा प्रश्न वेगळा होता: "साहेब, आता क्लच प्लेट बनवणार कोण आणि कुणासाठी?"

हा प्रश्न मला सगळ्या भावुक लेखांपेक्षा जास्त लागला.

कारण इथून पुढे या गाड्यांसाठी कायद्याने एक दार उघडं ठेवलंय, ते 'व्हिंटेज'चं. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असली पाहिजे. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची, नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. एकदम रुबाबदार! पण पुढचं कलम वाचा. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नाही. थोडक्यात, गाडीला इतिहास म्हणून मान्यता मिळते त्या क्षणी तिचं ऑफिसला जाणं बंद.

नियम चूक आहे असं मी म्हणत नाही. दुसरी बाजू खरी आहे आणि ती मांडलीच पाहिजे. पद्मिनीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला ती आजच्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढच्या गाडीपासून मी दुप्पट अंतर ठेवतो आणि त्या रिकाम्या जागेत रिक्षा घुसते तेव्हा देवाचं नाव घेतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल यायला लागल्यावर रबरी नळ्या बदलाव्या लागल्या. शिवाय १५ वर्षांपुढच्या गाडीला पर्यावरण कर आहेच, आणि पुनर्नोंदणीची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली, २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००. सगळ्यांनीच अशा गाड्या रोज काढल्या तर शहराची काय अवस्था होईल हे सांगायला नको.

आमच्या गाडीची पन्नाशी आणि नोंदणीचं नूतनीकरण २०२५ मध्ये एकदमच आलं. घरात चर्चा झाली. बाबांचं मत 'व्हीए' घेऊन टाक, गाडी सुखरूप राहील. आईचं मत विकून टाक, तू सुखरूप राहशील! मी साधी नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. पीयूसी, फिटनेस सगळं रीतसर करून.

यामागे हट्ट नाही, एक हिशेब आहे. गाडी आठवड्यातून तीन दिवस चालते म्हणून माझा मेकॅनिक अजून पॉइंट घासायला विसरलेला नाही. त्याच्याकडचा पोरगा कार्बोरेटर खोलून परत जोडायला शिकलाय. अशा दहावीस गाड्यांमुळे एखादा दुकानदार अजून गॅस्केट ठेवतो. हे सगळं ज्ञान कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही, ते हातांत आहे. गाडी काचेमागे ठेवता येते, हात ठेवता येत नाहीत. आणि पद्मिनी घडली ती रोज डबा, छत्री आणि चार माणसं घेऊन कामावर जाण्यासाठी. तेवढं एक काम काढून घेतलं तर उरतो तो पत्रा.

पीयूसी ज्या दिवशी नापास होईल आणि दुरुस्त करूनही पास होणार नाही, त्या दिवशी ती थांबेल. मग 'व्हीए' प्लेट, रॅली, दोरी, सगळं काही. तोपर्यंत एल.बी.एस. मार्गावर तुमच्यापुढे एखादी पांढरी पद्मिनी दुसऱ्या गिअरवर कण्हत जाताना दिसली, तर मंडळी, हॉर्न वाजवू नका. तिला ऑफिसला जायचंय.