मनी प्लँट : छाटणी व छाटकलम
अपुऱ्या प्रकाशामुळे लांबोडा आणि विरळ पानांचा झालेला मनी प्लँटचा वेल (लॅ. एपिप्रेम्नम ऑरियम, कुल–ॲरेसी) छाटून, निघालेल्या खोडाच्या तुकड्यांपासून नवी रोपे तयार करण्याची शाकीय अभिवृद्धीची पद्धत [⟶ अभिवृद्धि]. ही वनस्पती मूळची फ्रेंच पॉलिनीशियातील मोओरेआ बेटावरची असून १८८० मध्ये तिचे वर्णन पोथॉस ऑरियस या नावाने प्रसिद्ध झाले. जिबरेलिन या संप्रेरकाच्या न्यूनतेमुळे ती क्वचितच फुलत असल्याने तिचा जगभरचा प्रसार प्रायः छाटकलमांनीच झाला आहे.

अंधाऱ्या जागी कांडी लांबतात, पाने लहान निपजतात व त्यांवरील पिवळे पट्टे फिकटतात. अग्रस्थ कळीतील ऑक्सिन बाजूच्या कळ्यांची वाढ रोखून धरीत असल्यामुळे शेंडा खुडताच खालच्या पेऱ्यांतून फुटवे येतात [⟶ हॉर्मोने]. पानाच्या देठाशी, पेऱ्यावर, तपकिरी गाठीसारखा जो वायवी मुळाचा अंकुर दिसतो, त्याच्या किंचित खाली स्वच्छ धारेने काप घ्यावा, खालचे पान काढावे आणि पेरे पाण्यात बुडवून ठेवावे. पेऱ्यावाचून नुसते पान लावल्यास, त्यास मुळे फुटली तरी कळीअभावी वेल होत नाही, ही बाब विशेष ध्यानी घेण्याजोगी आहे. पाणी वरचेवर बदलल्यास दोन ते चार आठवड्यांत मुळे धरतात; मग रोप निचऱ्याच्या मातीत, मूळ कुंडीतच लावल्यास वेल दाट होतो.

अल्प खर्चात मातृवेलाशी समगुणी रोपे मुबलक मिळणे, हे या पद्धतीचे महत्त्व होय. वेलात कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे दाहक स्फटिक असल्याने छाटण मुलांपासून व पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवावे. उष्ण, दमट प्रदेशांत ते उघड्यावर टाकल्यास तेथेही रुजून उपद्रवी ठरते [⟶ तण].