बडोद्यातील अकरावा दिवस

इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये बुऱ्हाणपुरास आला होता, ही गोष्ट आपल्या गावाविषयी लिहिणारा प्रत्येक जण अभिमानाने सांगतो. शाहजादा परवेझ तेव्हा येथे मुक्कामास होता व सुरतेहून अजमेरास जाताना रोने त्याची भेट घेतली. कोतवाल त्यास सामोरा गेला आणि त्याने उतरण्याची जागा दाखविली. जागेचा दर्शनी भाग दगडी व देखणा होता. आत मात्र भट्टीएवढ्या चार खोल्या, वरून घुमटासारख्या गोल. रोने ही तक्रार आपल्या रोजनिशीत नोंदविली आणि स्वतःचे तंबू ठोकून तो त्यांत राहिला. ज्या गावाची सराई आपण पर्यटकांस कौतुकाने दाखवितो, त्या गावाविषयी एका पाहुण्याचे हे मत आहे. तेही आपण सांगत जावे.

रोजवळ तंबू होते. परगावी नोकरीस जाणाऱ्या सामान्य माणसाजवळ ते नसतात. त्यास कोणाच्या तरी छपराखाली शिरावे लागते आणि छपराचा मालक ठरवील तोवरच तेथे राहावे लागते. आपल्यापैकी बहुतेक घराण्यांचे मूळपुरुष असेच परगावी आले. १७६० च्या उदगीरच्या तहाने बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. त्यानंतर कोणी सैन्यातून, कोणी दप्तरातून, कोणी भिक्षुकीच्या निमित्ताने येथे स्थिरावले. पहिल्या रात्री ते कोणाच्या ओसरीवर निजले, हे वंशावळीत लिहिलेले नसते. परगावच्या बिऱ्हाडाचा असाच एक प्रसंग ज्याच्यावर गुदरला त्यानेच लिहून ठेवला आहे. तो आपल्या गावचा नाही. पण ती व्यक्ती आपल्याच प्रांतात, महू येथे, १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेली. आणि प्रसंग जेथे घडला ते बडोदे म्हणजे आपल्यासारख्याच बाहेर पडलेल्या मराठी कुटुंबांचे मोठे गाव.

भीमराव आंबेडकर यांस बडोदे संस्थानाने अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली होती. ४ जून १९१३ रोजी करारावर सह्या झाल्या. शिक्षण संपताच दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, ही अट होती. कोलंबिया विद्यापीठातून ते १९१५ मध्ये एम. ए. झाले. भारतातील जातिसंस्थेवर त्यांनी १९१६ मध्ये तेथे वाचलेला निबंध मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. पुढे लंडनला अभ्यास चालू असता शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि करारानुसार परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठविलेली त्यांची पुस्तके युद्धाच्या धामधुमीत जहाजासह समुद्रात बुडाली. १९१७ च्या सप्टेंबरात सव्वीस वर्षांचा हा ग्रंथकार बडोद्याच्या स्थानकावर उतरला, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न अर्थशास्त्राचा नव्हता. रात्री निजावयाचे कोठे, हा होता.

हिंदूंच्या खानावळी होत्या. तिकडे त्यांस ‘विशी’ म्हणत. तेथे जात विचारली जाणार हे ठरलेले. अमेरिकेत एकत्र शिकलेले काही स्नेही गावात होते. परंतु त्यांच्या दारी जाऊन त्यांना व स्वतःला संकोचात टाकावे, असे आंबेडकरांस वाटेना. उरली पारशी धर्मशाळा. पारशी धर्म अस्पृश्यता मानीत नाही, या भरवशावर ते तेथे गेले.

यापुढील सर्व तपशील त्यांच्या स्वतःच्या लेखनातील आहे. घटनेनंतर सुमारे अठरा वर्षांनी त्यांनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने त्या १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाल्या. अवघ्या काही पानांचे ते लेखन आहे. परंतु हिशेबनीस माणसाने लिहावे तसे नेमके.

धर्मशाळा दुमजली. खाली एक वृद्ध पारशी आपल्या कुटुंबासह राहून देखभाल करी. आंबेडकर वर जाऊन कपडे बदलीत असता हा म्हातारा वही घेऊन आला. अंगावर सदरा-कस्ती नाही, हे पाहून त्याने विचारपूस केली आणि पारशी नसलेल्यास येथे राहता येत नाही असे सांगितले. मग तडजोड निघाली. वहीत पारशी नाव लिहावयाचे आणि जेवणखाणासह रोजचा दीड रुपया द्यावयाचा. धर्मशाळेत फारसे कोणी येत नसे, त्यामुळे म्हाताऱ्यालाही चार पैसे हवेच होते. हा करार खोट्या नावावर झाला, हे आंबेडकर लपवीत नाहीत.

वरच्या मजल्यावर एक लहान खोली, शेजारी न्हाणी, आणि बाकी सारा मोठा दिवाणखाना. त्यात फळ्या, बाके, मोडक्या खुर्च्या यांचा ढीग. विजेचे दिवे नव्हते. म्हातारा रात्री एक लहान कंदील आणून ठेवी. त्याचा उजेड हातभरसुद्धा पडत नसे. वटवाघळे फडफडत. मुंबईहून उरलेले सामान घेऊन आलेला भाचा मामाची ही दशा पाहून मोठ्याने रडू लागला, तेव्हा त्याला लगेच परत पाठवावे लागले. तरीही दिवसाचा एक क्रम बसला. सकाळी चहा, न्याहारी, दहाच्या सुमारास कार्यालय. महालेखापालांच्या कचेरीत त्यांस उमेदवार म्हणून घेतले होते. रात्री आठापर्यंत शक्य तितका वेळ बाहेर काढावयाचा, ग्रंथालयातून आणलेले पुस्तक रात्री त्या कंदिलापाशी वाचावयाचे, आणि सरकारी बंगला मिळण्याची वाट पाहावयाची.

या बंगल्याच्या अर्जापाशी मी थोडा थांबतो, कारण आयुष्याची पस्तीस वर्षे मी अशाच अर्जांवर शेरे मारण्यात घालविली. आंबेडकरांनी रीतसर विनंती केली होती. ती या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिली. कोणीही ती नाकारली नाही. नाकारणे सोपे असते; त्यास सही लागते आणि सहीखाली जबाबदारी येते. फिरवीत ठेवण्यास काहीच लागत नाही. ज्या दरबाराने या तरुणावर चार वर्षे खर्च केला आणि दहा वर्षांच्या चाकरीचा कागद लिहून घेतला, त्याच दरबारच्या कचेऱ्यांना त्याच्यासाठी दोन खोल्यांचा हुकूम काढता आला नाही. सयाजीराव महाराजांची सुधारणावृत्ती खरी होती. ती टेबलांपर्यंत झिरपली नव्हती. या प्रकरणात पारशांच्या काठ्यांची चर्चा फार होते, या अर्जाची होत नाही. माझ्या मते अपराध मोजावयाचे झाले तर पहिला अर्ज मोजावा.

अकराव्या दिवशी आंबेडकर न्याहारी करून, कपडे घालून कचेरीस निघण्याच्या बेतात होते. रात्रीपुरती आणलेली पुस्तके परत करण्यासाठी ती उचलीत असता जिन्यावर पुष्कळ पावले वाजली. कोणी प्रवासी उतरण्यास आले असतील, असे त्यांना वाटले. दारात डझनभर धिप्पाड, संतापलेले पारशी उभे राहिले; प्रत्येकाच्या हाती काठी. तू कोण, येथे का आलास, पारशी नाव घेण्याचे धाडस कसे केलेस, धर्मशाळा बाटविलीस, असा भडिमार सुरू झाला. आंबेडकर उत्तर देऊ शकले नाहीत. नाव खोटे होते. ते टिकवून धरण्याचा प्रयत्न केला असता तर जिवावर बेतले असते, असे ते स्वतःच लिहितात. त्यांनी आठ दिवसांची मुदत मागितली, कारण तेवढ्यात बंगल्याचा निकाल लागेल असा अंदाज होता. मुदत मिळाली नाही. संध्याकाळी येथे दिसलास तर याद राख, असे बजावून मंडळी निघून गेली. ते गेल्यावर आंबेडकर खूप रडले.

येथे पारशी समाजास दोष देऊन मोकळे होणे अन्यायाचे होईल. स्वकीयांसाठी धर्मशाळा बांधणे हे पुण्यकर्मच आहे. आमच्या लोधीपुऱ्यात दर्गाह-ए-हकीमीच्या दर्शनास देशोदेशीचे बोहरा यात्रेकरू येतात. त्यांच्या मुक्कामाची उत्तम सोय त्यांच्या समाजाने केली आहे आणि तिचे कोणास वैषम्य वाटत नाही. गावात केवळ अशाच धर्मशाळा असतात आणि एखाद्या माणसासाठी कोणीच धर्मशाळा बांधलेली नसते, तेव्हा प्रश्न निर्माण होतो. त्याच दिवशी आंबेडकर एका हिंदू स्नेह्याकडे गेले. तो हळहळला, परंतु तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, असे म्हणाला. दुसरा स्नेही ख्रिस्ती झालेला ब्राह्मण. अमेरिकेहून परतताना बोटीवर ओळख झालेली. पत्नी उद्या परगावाहून येईल, तिला विचारून सांगतो, असे त्याचे उत्तर. नवराबायको ख्रिस्ती झाली होती, तरी तिचे सोवळे सुटले नव्हते. नोकर आणि पत्नी. नकार देणाऱ्या माणसाच्या तोंडी नकार कधीच स्वतःचा नसतो.

मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास कोठे काढावयाचे? गावाबाहेरच्या कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, ते बसून राहिले. आज तेथे संकल्पभूमी आहे आणि २३ सप्टेंबर १९१७ हा संकल्पदिन म्हणून पाळला जातो. त्यांच्या त्या आठवणींत मात्र संकल्पाचा उल्लेख नाही. उदासी आहे, आईवडिलांची आठवण आहे. श्रद्धेला बाधा यावी म्हणून हे सांगत नाही. पाच तास एकटा बसलेला माणूस काय ठरवितो, हे तो प्रत्येक वेळी लिहून ठेवीलच असे नाही. आठ वाजता गाडी करून ते धर्मशाळेत गेले, सामान खाली आणले. म्हातारा बाहेर आला. दोघांच्याही तोंडून शब्द निघाला नाही. आंबेडकरांनी बिल चुकते केले.

मुंबईत परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील ५० व ५१ क्रमांकाच्या खोल्या त्यांच्या कुटुंबाकडे १९१२ पासून होत्या. तेथेच ते परतले आणि पुढेही अनेक वर्षे राहिले. नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले, त्यात पुस्तकांची सोय आधी पाहिली. ती पुस्तके उचलून नेण्यास कोणी जिना चढून येणार नव्हते.

हा लेख लिहिताना एक गोष्ट टाळावी असे वाटत होते. पण टाळली तर बडोद्याच्या मराठी वाड्यांविषयी बोलण्याचा मला अधिकार राहत नाही. त्या वेळी बडोद्यात आपल्या लोकांचे वाडे कमी नव्हते. त्यांपैकी एकाही वाड्याचे दार ठोठवावे, असे एका मराठी भाषिकास वाटले नाही.

आमच्या लोधीपुऱ्यातील घराची माडी वडील भाड्याने देत. १९७० नंतरची गोष्ट. मी शाळेत होतो. खानदेशातून एक चित्रकला शिक्षक बदलून आले. ट्रंक, वळकटी आणि रंगांची लाकडी पेटी. आठवड्याभरात त्यांनी माडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या कौलांचे चित्र काढावयास घेतले होते; शाळा सुटली की मी वर जाऊन बसे. एका रविवारी सकाळी ते ब्रश धूत असता वडील वर गेले. कोणीतरी मास्तरांचे गाव आणि आडनाव यांचा उलगडा करून दिला होता. काठी नव्हती, आवाजही चढला नाही. “मास्तर, आमच्या घरी पाहुणे येणार आहेत, माडी लागेल,” एवढेच वडील म्हणाले. मास्तरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले व “बरं, दादा,” म्हणून ब्रश पुसावयास घेतले.

पुढे मी नोकरीत मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ हाताळला. त्याच्या बाराव्या कलमात भाडेकरूस काढण्याची कारणे एकामागून एक दिली आहेत: थकलेले भाडे, पोटभाडेकरू, मालकाची खरी गरज इत्यादी. पाहुणे येणार आहेत, हे कारण त्यांत बसत नाही. आडनाव तर नाहीच नाही. परंतु मास्तर कोणत्याही न्यायालयात गेले नाहीत. दुपारी त्यांनी टांगा आणला. मी रंगांची पेटी खाली आणून दिली. चित्र ओले होते, म्हणून ते त्यांनी हातातच धरले.

वडील हिशेबाला चोख. त्या वर्षाची वही माझ्याकडे आहे. मास्तरांचे आगाऊ घेतलेले पूर्ण महिन्याचे भाडे परत केल्याची नोंद तिच्यात आहे. राहिलेल्या दिवसांचे पैसे कापलेले नाहीत. पाहुण्यांची नोंद त्या महिन्यात कोठेही नाही.