२२०ची वंशावळ

मूल–सावली–गडचिरोली या राष्ट्रीय महामार्गालगत मोकळ्या भागात ढाबा टाका, टायरचं दुकान काढा नाहीतर लग्नाचं लॉन. टेपचं टोक धरायचं ते रस्त्याच्या मध्यावर. तिथून ४० मीटरवर इमारत रेषा, ७५ मीटरवर नियंत्रण रेषा. पहिलीच्या आत भिंत उभी करायची नाही, दोहोंच्या मधे परवानगीशिवाय नाही. कुणी केलीच, की नोटीस येते आणि मागाहून जेसीबी.

या रेषा मुंबईकडून आल्या. मुंबई महामार्ग अधिनियम १९५५चा. तेव्हा चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर, जिल्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ला तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. गडचिरोली जिल्हा तर १९८२चा. इथवर वाद नाही.

पण मोजायचं रस्त्याच्या मध्यापासूनच का? याचा माग इंग्लंडात लागतो. मोटारी वाढल्या, तशी रस्त्यांच्या दुतर्फा घरं-दुकानांची लांबच लांब पट्टी पसरत गेली. तिला आवरायला १९३५ साली कायदा झाला: वर्गीकृत रस्त्याच्या मध्यापासून २२० फुटांच्या आत परवानगीविना बांधकाम नको. हा २२० वाचून मी थबकलो, कारण तो आपल्याकडे दारूच्या निकालात भेटला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६मध्ये महामार्गापासून ५०० मीटरपर्यंत दारूविक्री बंद केली आणि ३१ मार्च २०१७ला २० हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटरवर आणलं. दोनशे नाही, अडीचशे नाही, २२०!

फर्लांगवाले म्हणतील, यात नवल कसलं? २२० यार्ड म्हणजे एक फर्लांग; कुणीतरी यार्ड खोडून मीटर लिहिलं, झालं. युक्तिवाद देखणा आहे. पण केंद्राने राज्यांसाठी केलेल्या दारूविषयक नमुना धोरणात हाच २२० आहे आणि तोही महामार्गाच्या मध्यापासून. फर्लांगाने आकडा उलगडतो, ‘मध्य’ उलगडत नाही. १९३५च्या कायद्यात मात्र दोन्ही जोडीने आहेत. मधल्या दशकांत कुण्या मसुदाकाराने जुन्या इंग्रजी साच्यातलं वाक्य उचललं आणि फुटांचे मीटर करताना आकडा तसाच ठेवला, असं मी धरून चालतो. फर्लांगवाल्यांना हवं तर एवढं देतो, की २२० फूट म्हणजे बरोब्बर तृतीयांश फर्लांग. आपला ७५ मीटर माझ्या बाजूने साक्ष देत नाही, हेही खरं. २२० फुटांचे ६७ मीटरच होतात. तो पुढे कुणीतरी गोल केला असणार.

गंमत अशी, की २०१७चा निकाल आला तेव्हा या दोन्ही जिल्ह्यांत मोजायला दुकानच नव्हतं. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी, चंद्रपुरात १ एप्रिल २०१५पासून. चंद्रपूरची बंदी उठवायचा निर्णय मे २०२१मध्ये झाला. तोवर न्यायालयाने नगरपालिका हद्दीतल्या परवान्यांना अंतराची अट लागू नाही, असा खुलासा जुलै २०१७मध्ये केला होता, आणि पंचायतींचा प्रश्न २०१८मध्ये राज्यांवर सोपवला होता. त्यामुळे सावलीसारख्या नगरपंचायतीच्या गावात टेपपेक्षा हद्दीचा नकाशा महत्त्वाचा ठरतो. हद्दीबाहेर, जिथे अट लागू आहे, तिथे एकाच बारची मापं दोनदा घ्यावी लागतात: भिंतीसाठी रस्त्याच्या मध्यापासून आणि बाटलीसाठी रस्त्याच्या कडेपासून, कारण न्यायालयाने मध्य सोडून बाहेरची कड धरली.