विश्लेषण : पार्सलने मागवलेले रोप खोक्यात का मरते? भोर-वेल्ह्यासाठी कोणती काळजी घ्यावी?

मोबाइलवर फोटो पाहून आंब्याचे कलम, गुलाब किंवा शोभेचे रोप मागवणे आता खेडोपाडीही नवे राहिलेले नाही. मात्र खोके उघडल्यावर काळी पडलेली पाने आणि कुजकट वास येणे, हेही तितकेच नेहमीचे आहे. दोष बहुधा ‘आदळआपटी’ला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक रोपे धक्क्याने मरत नाहीत. ती जास्तीचे पाणी, उष्णता आणि अंधारात गेलेले दिवस यांमुळे मरतात. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) या डोंगरी तालुक्यांत शेवटच्या टप्प्याला वेळ लागतो. त्यामुळे तिथे हे गणित अधिक काटेकोरपणे मांडावे लागते.

खोक्यात रोपाचे नेमके काय होते?

उजेड नसला की प्रकाशसंश्लेषण थांबते, म्हणजे रोपाला नवे अन्न तयार करता येत नाही. श्वसन मात्र सुरूच राहते आणि साठवलेले अन्न खर्च होत राहते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे २० अंशांना चार दिवस तग धरणारे रोप उन्हात तापलेल्या टेम्पोत दोन दिवसांतच थकते.

दुसरा शत्रू म्हणजे बंद जागेतील ओलावा. ओल्या पानांवर आणि चिंब मातीत बुरशी झपाट्याने वाढते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. तिसरा शत्रू म्हणजे इथिलीन वायू. पिकलेली फळे आणि जखमी झालेले देठ-पाने यांतून तो बाहेर पडतो. तो कोंडला की निरोगी पानेही पिवळी पडून गळतात. म्हणून रोपांच्या खोक्यात ‘भेट’ म्हणून चार चिकू किंवा केळी ठेवणे हे रोपाच्या मुळावर येते.

मग सगळे प्लॅस्टिकमध्ये घट्ट बंद का करू नये?

हा प्रश्न जुना आहे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिअल वॉर्ड यांनी काचेच्या बंद पेटीत रोपे जगतात हे दाखवून दिले आणि १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपे जहाजाने सिडनीपर्यंत पाठवली. महिनोन्‌महिन्यांच्या त्या प्रवासात रोपे जगली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची रोपे भारतात आणली, तीही अशाच पेट्यांतून.

पण वॉर्ड यांची पेटी काचेची होती आणि डेकवर उजेडात ठेवलेली असे. आत उडालेले पाणी काचेवर थिजून पुन्हा मातीत उतरे आणि उजेडामुळे रोप अन्नही तयार करी. पुठ्ठ्याच्या खोक्यात उजेड नसतो. तिथे हवाबंद प्लॅस्टिक गुंडाळले तर पेटीतला ओलावा तेवढा हाती लागतो, तिचा फायदा मिळत नाही. म्हणून आजचा नियम सोपा आहे : मुळांभोवती ओल धरून ठेवायची आणि पाने कोरडी व हवेशीर ठेवायची.

कोणती रोपे प्रवास सोसतात?

बी सर्वांत सोपे, कारण ते झोपलेले असते. पुण्याची पेस्तनजी पी. पोचा अँड सन्स ही पेढी १८८४ पासून बियाण्यांच्या व्यवसायात आहे. टपालाने माल मागवण्याच्या पद्धतीला बियाणे सहज मानवते. त्यानंतर निशिगंध, हळद, डेलियासारखे सुप्तावस्थेतील कंद आणि चाफ्यासारख्या झाडांच्या जाड फांद्या. निवडुंग आणि मांसल पानांची रोपे तर माती झटकून, मुळे सुकवून कागदात गुंडाळली की आठवडाभर सहज राहतात. त्यांना पाणी घालून पाठवणे हीच चूक ठरते.

हिवाळ्यात पाने गाळणारी झाडे उघड्या मुळांनी पाठवता येतात. हिमाचल प्रदेशातील हरिमन शर्मा यांनी विकसित केलेले ‘एचआरएमएन-९९’ हे कमी थंडीतही फळणारे सफरचंद महाराष्ट्रातही लावले गेले आहे. सफरचंदाचे झाड थंडीत झोपलेले असते, म्हणून त्याचे रोप ओल्या शेवाळात किंवा भुशात मुळे गुंडाळून लांबचा प्रवास करू शकते.

आंबा, चिकू, लिंबू यांसारखी सदाहरित झाडे अशी झोपत नाहीत. त्यांना मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासह, म्हणजे हुंडीसह, न्यावे लागते. हुंडी फुटली की पाणी ओढणारी बारीक मुळे तुटतात. आठवड्याने झाड वाळते तेव्हा खापर पाण्यावर फोडले जाते.

पॅकिंग कसे करावे?

तयारी आठ-दहा दिवस आधी सुरू होते. या काळात रोपाला नत्रखत देऊ नये आणि नवी कोवळी पालवी फुटलेले रोप निवडू नये, कारण कोवळी पाने सर्वांत आधी मरतात. फुले, कळ्या आणि फळे काढून टाकावीत. मोठी पाने असतील तर ती निम्मी कापावीत. पानांच्या खालच्या बाजूला पिठ्या ढेकूण, खवले कीड किंवा कोळी नाही ना, हे पाहावे.

पाणी पाठवण्याच्या आदल्या दिवशी द्यावे आणि निथळू द्यावे. निघण्याच्या दिवशी पाणी देऊ नये. कोकोपीट मुठीत दाबल्यावर ओलसर लागले पाहिजे, पण थेंब गळता कामा नये. कोकोपीटचा दुसरा फायदा वजनाचा आहे. एक लिटर ओली माती साधारण दीड किलो भरते, कोकोपीट त्याहून बरेच हलके असते.

त्यानंतर पिशवीचे तोंड खोडाभोवती कागद किंवा टेपने बंद करावे, म्हणजे खोके आडवे झाले तरी माती सांडत नाही. पानांना वर्तमानपत्राचा सैल कोन करावा, तो जास्तीची वाफ शोषतो. कलमाच्या सांध्याला काडीचा आधार बांधावा. खोके जाड, पाच पदरी पुठ्ठ्याचे असावे. पिशव्या खोक्याच्या एका टोकाला टेपने किंवा सुतळीने जखडाव्यात आणि रिकाम्या जागेत कागदाचे बोळे भरावेत. वरच्या भागात दोन्ही बाजूंना चार-सहा भोके पाडावीत. शेवटी खोके उलटे-आडवे करून हलवावे. आत काही सरकल्याचा आवाज आला, तर प्रवासातही ते सरकणार.

खर्चाचा अंदाज कसा घ्यावा?

बऱ्याच कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागले की आकारमानाचे वजन किलोत मिळते. ६० बाय २० बाय २० सेंटिमीटरचे खोके ४.८ किलोचे धरले जाते, मग आत दोन किलोचे एकच कलम का असेना. त्यामुळे एका खोक्यात एक रोप महाग पडते, तर तीन-चार रोपे नीट जखडून पाठवणे परवडते.

भोर-वेल्ह्यात अडचण कुठे येते?

पुण्यातून भोरला जायचे तर बेंगळुरू महामार्गावरून कापूरहोळला वळावे लागते, आणि वेल्ह्याला चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे. तिथवर पार्सल बहुधा वेळेत येते. खरा उशीर त्यापुढे होतो. राजगड-तोरण्याच्या कुशीतील किंवा भाटघर, नीरा-देवघरच्या पाण्याकडेच्या वाड्यांपर्यंत खासगी कुरिअरचा माणूस रोज जात नाही. पुष्कळदा ग्राहकालाच बाजाराच्या गावी येऊन पार्सल घ्यावे लागते, आणि ते दोन दिवस रोप अंधारातच असते. म्हणून पाठवणाऱ्याने तीन दिवसांच्या प्रवासासाठी पाच-सहा दिवसांचे पॅकिंग करावे. पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी सोडावे, म्हणजे ते रविवारी गोदामात अडकत नाही. गणपती-दिवाळीचे दिवस टाळावेत.

पत्त्यातील पिनकोड इथे निर्णायक ठरतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिचे जनक संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठीच. पहिले तीन अंक टपाल वर्गवारीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन नेमके डाकघर. भोरचा पिन ४१२२०६, वेल्ह्याचा ४१२२१२ आणि नसरापूरचा ४१२२१३ आहे. एकाच नावाची गावे जिल्ह्यात अनेक आहेत. आंबवणे वेल्ह्यातही आहे आणि कोरीगडाजवळही. पिन चुकला तर पुस्तक उशिरा मिळते, रोप मात्र मेलेले मिळते.

पावसाळ्यात पाठवावे की नाही?

इथली कोंडी हीच आहे. लागवडीचा हंगाम जून-जुलैचा आणि प्रवासाला सर्वांत वाईट काळही तोच. तालुक्यांच्या पश्चिम भागात पाऊस धो-धो कोसळतो आणि भोरहून महाडकडे जाणारा वरंध घाट पावसाळ्यात वरचेवर बंद ठेवावा लागतो. हवेतच ओल असल्याने खोक्यातील पाणी उडत नाही. त्यामुळे रोपे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मागवून अंगणात सावलीला ठेवावीत आणि दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावावीत. पावसात पत्त्यावर रुंद पारदर्शक टेप लावावी आणि खोक्याच्या तळाला आतून प्लॅस्टिक घालावे. संपूर्ण खोके प्लॅस्टिकने गुंडाळल्यास हवेची भोके बंद होतात.

रोपाबरोबर आणखी काय येते?

माती आणि रोपासोबत रोगही प्रवास करतो. शेजारच्या पुरंदरसह राज्यातील डाळिंब उत्पादकांना छळणारा तेल्या रोग रोगट बागेतून बांधलेल्या गुटी कलमांबरोबर पसरतो. सूत्रकृमी तर डोळ्यांना न दिसता मातीतून येतात. महाराष्ट्रात फळरोपे विकणाऱ्या रोपवाटिकांसाठी १९६९ पासून परवान्याचा कायदा आहे. परवाना क्रमांक विचारणे म्हणूनच महत्त्वाचे. चुकीच्या जातीचे आंब्याचे कलम चार-पाच वर्षांनी फळते, तेव्हा पैसे नव्हे तर वर्षे बुडालेली असतात. परदेशातून रोप मागवायचे तर आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. हे नियम २००३ च्या आदेशाने ठरले आहेत.

रानातील रोपे उपटून विकणे हा वेगळाच धोका आहे. सह्याद्रीतील कंदीलपुष्पांच्या अनेक जाती दुर्मिळ आहेत आणि झाडांवर वाढणाऱ्या आमरींच्या सर्व जाती ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात. जंगलातून विनापरवाना रोपे काढणे गुन्हा आहे. अशी रोपे कुंडीत फारशी जगतही नाहीत. ‘रानातून आणलेले’ अशी जाहिरात दिसली तर ती न घेणेच योग्य.

पार्सल आल्यावर काय करावे?

खोके त्याच दिवशी उघडावे आणि उघडताना व्हिडिओ काढावा. तक्रारीच्या वेळी तो उपयोगी पडतो. रोप पाच-सात दिवस सावलीत ठेवावे. माती कोरडी असेल तरच पाणी द्यावे. लगेच कुंडी बदलू नये, खत घालू नये. पाने गळाली म्हणजे रोप मेले असे नाही. खोडाची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर वाट पाहावी, तपकिरी आणि कोरडे दिसले तर आशा कमी.

२०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात होणे अपेक्षित आहे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पार्सल केव्हा टाळावे?

दहा-वीस कलमे हवी असतील तर पार्सलपेक्षा प्रवास स्वस्त पडतो. पुणे-सोलापूर रस्त्यावरील सोरतापवाडी, उरुळी कांचन परिसरात रोपवाटिकांची रांगच आहे आणि भोरहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. तिथे कलमाचा सांधा, मुळे आणि पानांची खालची बाजू स्वतः पाहता येते. टपाल-कुरिअर राखून ठेवावे ते जवळ न मिळणाऱ्या जातींसाठी, बियांसाठी आणि कंदांसाठी. बाकी रोपांसाठी जितके कमी तास अंधारात, तितके चांगले.