चित्रकथांची कर्मशाळा आणि मराठी हात

इंदूरच्या कलापरंपरेचा विषय निघाला की आपल्या मंडळींच्या ओठांवर काही नावे आपोआप येतात. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये होळकर राज्याच्या आश्रयाने येथे चित्रशाळा उभी केली. तिच्यातून नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, देवकृष्ण जटाशंकर जोशी, विष्णु चिंचाळकर असे कलावंत घडले. हा वारसा आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु चित्रकलेची आणखी एक शाखा आपल्या प्रत्येक घरात येऊन गेली. तिने आपल्या मुलाबाळांच्या मनावर कोणत्याही प्रदर्शनापेक्षा खोल ठसा उमटवला, आणि तिचा साधा उल्लेखही आपल्या लेखनात सहसा आढळत नाही. ही शाखा म्हणजे चित्रकथा, बोलीभाषेत ‘कॉमिक्स’. ती घडवणाऱ्यांत मराठी हात किती होते, ते हात एकत्र बसून कसे काम करीत आणि त्या कामाचा आपल्यासारख्या बृहन्महाराष्ट्रीय कुटुंबांशी काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

चित्रांच्या मालिकेतून कथा सांगणे ही परदेशातून आलेली कल्पना नव्हे. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी पोथीतील एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरून रामायण-महाभारत गात असत. ही परंपरा टिकवून ठेवल्याबद्दल पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच कुळातील पैठण शैलीची चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात. पुढे छपाई आली आणि १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा स्थापन केली. तेथील रंगीत शिळाप्रेस चित्रांनी मराठी घरांच्या भिंती देवदेवतांनी आणि ऐतिहासिक पुरुषांनी सजवल्या. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१६ मध्ये संपूर्ण रामायण चित्रांतून प्रसिद्ध केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी चित्रकथा बहरली, तिची जमीन अशी आधीच नांगरलेली होती.

चित्रकथा हे एकट्याचे काम सहसा नसते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. मद्रासच्या ‘चांदमामा’ने १९४७ पासून आपले चित्रकार पदरी ठेवून एकाच छताखाली काम करवले. त्याचेच मराठी रूप ‘चांदोबा’ १९५२ मध्ये सुरू झाले आणि विक्रम-वेताळाचे शंकर यांनी काढलेले चित्र आपल्या दोन पिढ्यांच्या डोळ्यांत कायमचे बसले. ब्रुसेल्समध्ये ‘टिनटिन’कर्ते एर्जे यांनी १९५० मध्ये साहाय्यक नेमून स्वतःची कर्मशाळा उभारली. टोकियोत तर ‘तोकिवासो’ नावाच्या दुमजली लाकडी चाळीत तेझुका ओसामु आणि त्यांच्यामागून आलेले अनेक तरुण चित्रकार शेजारी-शेजारी राहिले. स्वयंपाकघरही सामाईकच होते. आज आपली नातवंडे ज्या ‘डोरेमॉन’पुढे जेवणाचे ताट घेऊन बसतात, त्याचे कर्ते याच चाळीतले.

आपल्याकडे या व्यवसायाला खरी गती १९६४ मध्ये आली. त्या वर्षी टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि वेताळ मराठीत बोलू लागला. पुढे १९७६ मध्ये याच मालेत आबिद सुरती यांनी लिहिलेला व गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला ‘बहादूर’ आला. त्याची कर्मभूमी चंबळचे खोरे होती. मध्य प्रदेशातील वाचकांना ही दरोडेखोरांची गोष्ट परकी वाटण्याचे कारण नव्हते. तेव्हाची वर्तमानपत्रे त्याच बातम्यांनी भरलेली असत. ‘इंद्रजाल’ १९९० मध्ये बंद पडले.

‘इंद्रजाल’च्या उभारणीत सहभागी असलेले अनंत पै (१९२९-२०११) मूळचे कारकळचे. १९६७ मध्ये दिल्लीत दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवतांची माहिती आहे, परंतु रामाच्या आईचे नाव सांगता येत नाही, हे त्यांनी पाहिले. त्यातून इंडिया बुक हाउसच्या साहाय्याने ‘अमर चित्र कथा’ आकारास आली. पहिले दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांचे होते. अकरावा ‘कृष्ण’. तेथपासून मालेचे स्वरूप बदलले.

हा ‘कृष्ण’ रेखाटला राम वाईरकर यांनी. त्यांच्याबरोबरीने प्रताप मुळीक, वसंत हळबे, दिलीप कदम, हेमा जोशी, अशोक डोंगरे, प्रदीप साठे अशी मराठी नावे या माला-मासिकांच्या पानोपानी दिसू लागतात. लेखकांतही आपली माणसे होती. ‘शिवाजी’ या अंकाची संहिता ‘फास्टर फेणे’चे जनक भा. रा. भागवत यांची आणि चित्रे मुळीकांची. भागवतांचा जन्म १९१० सालचा आणि इंदूरचा. योगायोग असा की बेंद्रेही त्याच वर्षी याच गावी जन्मले. एकाने पुढे मराठी मुलांना फुरसुंगीचा फास्टर फेणे दिला, दुसऱ्याने बडोद्यात चित्रकारांची पिढी घडवली. १९७९ च्या ‘बाबासाहेब आंबेडकर’ या अंकाची संहिता शां. शं. रेगे यांची आणि रेखाटने दिलीप कदम यांची. या चरित्रनायकाचे जन्मस्थान महू, आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर. ‘अहिल्याबाई होळकर’ हा अंक तर आपल्याकडील किती घरांनी केवळ नावासाठी विकत घेतला असेल!

आता या कामाची रीत पाहू. बत्तीस पानांच्या अंकात कथेची पाने सुमारे तीस धरली आणि पानावर पाच-सहा चौकटी धरल्या, तर एका अंकासाठी दीडशे ते एकशे ऐंशी स्वतंत्र चित्रे लागतात. प्रत्येकात पोशाख, दागिने, शस्त्रे, वास्तू यांची संगती राखावी लागते. नायकाची पगडी तिसऱ्या पानावर एक आणि तेराव्या पानावर दुसरी असून चालत नाही. लेखकाची संहिता चौकटीगणिक पाडलेली येते. मुख्य चित्रकार छापील आकाराहून मोठ्या कागदावर पेन्सिलीने रचना मांडतो. त्यावर कुंचल्याने वा टाकाने शाई फिरवण्याचे काम पुष्कळदा दुसरा करतो. पार्श्वभूमीतले किल्ले, झाडे, सैन्य हे शिकाऊ हातांकडे जाते. फुग्यांतील अक्षरे सुलेखनकाराची. रंगांची योजना आणखी एकाची. संगणक येण्यापूर्वी हे सारे हातानेच चाले. त्यामुळे एका खोलीत चार-सहा जण मेजांवर वाकलेले, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती कागद जात आहे, हे चित्र या व्यवसायात स्वाभाविकच होते. शिकण्याची शाळाही तीच. नवा मुलगा आधी चौकटीच्या रेषा आखी, मग काळे भाग भरी, मग गर्दीतली माणसे काढी आणि काही वर्षांनी नायकाच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचे.

अनेक भाषांतल्या आवृत्त्यांमुळे एक वेगळीच अडचण उभी राहत असे. चित्र एकच, भाषा निराळी. रंगांचे ठसे तेच ठेवून काळ्या रंगाचा, म्हणजे अक्षरांचा, ठसा बदलला की नवी आवृत्ती तयार होई. म्हणून फुगा मुळातच ऐसपैस ठेवावा लागे. इंग्रजीतले चार शब्द मराठीत दोन होत वा सात होत. आपल्या लहानपणीच्या अंकांत काही फुगे निम्मे रिकामे आणि काहींत अक्षरे दाटीवाटीने बसलेली दिसत, त्याचे मर्म येथे आहे.

कर्मशाळेचे सर्वांत ठसठशीत मराठी उदाहरण पुण्याचे. १९८६ मध्ये दिल्लीच्या ‘राज कॉमिक्स’ने ‘नागराज’ हा हिंदी नायक आणला. लेखक परशुराम शर्मा, चित्रकार प्रताप मुळीक. पुढील अंकांची मागणी वाढली तशी मुळीकांचे नाव कलादिग्दर्शक म्हणून येऊ लागले आणि प्रत्यक्ष चित्रांखाली चंदू, मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे ही नावे दिसू लागली. शरीराच्या रेखाटनावरील पकड, धावत्या आकृतींचा डौल, चौकट फोडून बाहेर येणारी मुद्रा या साऱ्यांवर गुरूची छाप स्पष्ट होती. ज्या हाताने शिवाजी महाराज आणि श्रीराम रेखाटले, त्याच हाताने हिरव्या खवल्यांचा हा सर्पमानव घडवला. दिल्ली, कानपूर, पाटणा, इंदूर येथील लक्षावधी हिंदी वाचक मुलांना आपला आवडता नायक एका मराठी चित्रकाराच्या हातून जन्मला, याची कल्पनाही नव्हती. आमच्या पिढीची मुले १९९० च्या आसपास गल्लीतल्या दुकानातून हे अंक भाड्याने आणून एका दुपारीत संपवीत. आम्ही वडीलधारे मात्र तो वेळेचा अपव्यय मानत होतो.

‘टिंकल’ हे मासिक १९८० मध्ये निघाले. त्यात १९८३ मध्ये आलेला सुप्पंडी राम वाईरकरांनी रेखाटला. त्याच वर्षीचा शिकारी शंभू वसंत हळब्यांचा. त्याचे डोळे टोपीखाली सदैव झाकलेले असत आणि तरीही त्याची घाबरगुंडी वाचकाला स्पष्ट दिसे. केवळ जिवणी आणि खांदे यांवर भाव तोलण्याची ही करामत सोपी नव्हे. वाईरकर २००३ मध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र संजीव आणि कन्या अर्चना आंबेरकर यांनी चित्रकथेचे काम पुढे चालवले आणि सुप्पंडीही घरातच राहिला. सोनाराची वा शिंप्याची विद्या जशी घरातून वाहते, तशी ही विद्याही वाहू शकते, याचे हे उदाहरण.

या इतिहासाला उणी बाजूही आहे. शासकीय सेवेत आम्ही पाहिले की नस्तीवर टिपणी मांडणाऱ्या कनिष्ठ लिपिकाचीही आद्याक्षरे कायम राहतात. पन्नास वर्षांनी नस्ती उघडली तरी कोणी काय लिहिले, हे कळते. चित्रकथेत आतल्या पानावर लेखक व मुख्य चित्रकार यांची नावे बहुधा असत, परंतु शाई भरणारे, पार्श्वभूमी काढणारे, रंग लावणारे पुष्कळदा निनावीच राहिले. पानामागे ठरलेला मोबदला मिळाला की हिशेब संपला. अंकाच्या पुढे कितीही आवृत्त्या निघोत, त्या हातांचा त्यात वाटा नसे.

चित्रांच्या आशयाबद्दलही अभ्यासकांनी आक्षेप नोंदवले आहेत. देव आणि नायक गौरवर्ण, राक्षस काळेसावळे. स्त्रिया एका साच्यातल्या. इतिहास आणि आख्यायिका यांची सरमिसळ. हे आक्षेप निराधार नाहीत. इतिहासाची आवड या अंकांनी लावली हे खरे, आणि इतिहासाचे सोपे रूप म्हणजेच पूर्ण इतिहास अशी समजूतही त्यांनीच पसरवली, हेही खरे. दोन्ही नोंदी एकाच पानावर असाव्यात.

आपल्या समाजाच्या दृष्टीने मला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न मात्र निराळाच आहे. होळकर, शिंदे, पवार यांच्याबरोबर माळव्यात आलेल्या आपल्या कुटुंबांनी दोन-अडीचशे वर्षे घरात मराठी जपली. परंतु घराबाहेरची शाळा हिंदी वा इंग्रजी होती. शिवाजी, बाजीराव, अहिल्याबाई, झाशीची राणी यांच्या कथा आमच्या आधीच्या पिढीने आजीच्या तोंडून मराठीत ऐकल्या. पुढच्या पिढीने त्या चित्रांतून वाचल्या, आणि इंदूरच्या दुकानांत सहज मिळणारे अंक हिंदी किंवा इंग्रजी असत. मराठी आवृत्ती हवी तर पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याला सांगावे लागे. लेखक मराठी, चित्रकार मराठी, चरित्रनायक मराठी, वाचणारे मूलही मराठी आणि फुग्यातली भाषा तेवढी दुसरी! तोटा झालाच असे मी म्हणणार नाही, कारण ते अंक नसते तर कित्येक मुलांपर्यंत हा इतिहास कोणत्याच भाषेत पोहोचला नसता. तथापि आजीची गोष्ट आणि नातवाचे पुस्तक यांमधला शब्दांचा दुवा येथे तुटला, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. आज आपली पन्नाशीकडे झुकलेली मुले अहिल्याबाईंविषयी बोलताना मध्येच हिंदीत शिरतात, त्याचे एक कारण या रिकाम्या दुव्यात शोधता येईल.

टोकियोची ती लाकडी चाळ १९८२ मध्ये पाडली गेली. पुढे लोकांना तिचे मोल उमगले आणि २०२० मध्ये तेथील स्थानिक शासनाने तशीच वास्तू पुन्हा उभारून, सामाईक स्वयंपाकघरासकट, तिचे संग्रहालय केले. आपल्याकडे एवढी अपेक्षा ठेवणे धाडसाचे ठरेल. परंतु जुन्या घरांच्या माळ्यांवर, ट्रंकांत, पुस्तकांच्या मागच्या रांगेत हे अंक अजून पडलेले आहेत. घर विकताना वा आवरताना सर्वांत आधी रद्दीत जातात ते हेच. ते देण्यापूर्वी आतले पहिले पान उघडून चित्रकाराचे नाव वाचावे आणि मराठी आवृत्ती असल्यास ती आपल्या ग्रंथालयाकडे सोपवावी. बेंद्रे आणि हुसेन यांची चित्रे सांभाळणाऱ्या मोठ्या संस्था आहेत. वाईरकर, मुळीक, हळबे यांची चित्रे सांभाळण्याचे काम तूर्त तरी ज्यांनी ती वाचली, त्या घरांनाच करावे लागणार आहे.