क्यूच्या टोकावरचे चामडे : दोनशे वर्षांचा इतिहास

१/ बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल यांच्या इतिहासात राजेरजवाडे, हस्तिदंती चेंडू आणि भव्य टेबले यांचेच वर्णन फार आढळते. या खेळांना आजचे रूप दिले ते मात्र नखाएवढ्या चामड्याच्या चकतीने. ही चकती, म्हणजे क्यूची ‘टिप’, कोठून आली आणि ती कशी निवडावी, कशी तासावी, याविषयी हा धागा. #थ्रेड

२/ पंधराव्या शतकात हिरवळीवरचा हा खेळ फ्रान्समध्ये टेबलावर आला. तेव्हा चेंडू मारण्यासाठी ‘मेस’ नावाचा दांडा असे. त्याच्या पुढच्या टोकाला लाकडाचा जाड, सपाट ठोकळा असायचा आणि त्याने चेंडू ढकलला जाई. चेंडू सरळ जाई, कडेवर आपटून परत येई. याहून अधिक काही त्याच्याकडून करवून घेता येत नसे.

३/ चेंडू टेबलाच्या कडेला चिकटला की मेसचा ठोकळा तेथे नीट बसत नसे. मग खेळाडू दांडा उलटा धरून मागच्या निमुळत्या टोकाने चेंडू मारत. या मागच्या भागाला फ्रेंचमध्ये ‘क्यू’, म्हणजे शेपूट, म्हणत. पुढे शेपूटच मुख्य झाले आणि ठोकळा गळाला. आजच्या ‘क्यू’ या नावाचे मूळ ते हेच.

४/ पण क्यूचे टोक उघड्या लाकडाचे होते. चेंडूच्या मध्यापासून जरा बाजूला मारले की लाकूड गुळगुळीत पृष्ठभागावरून घसरे, आणि टेबलावरचे महागडे कापड फाटण्याचीही भीती असे. म्हणून बरीच वर्षे क्यू फक्त तरबेज खेळाडूंच्याच हाती दिला जाई. फिरकी हा प्रकार खेळात जवळजवळ नव्हताच.

५/ हा पेच सुटला तो एका तुरुंगात. फ्रेंच पायदळातील कॅप्टन फ्रांस्वा मिंगो राजकीय मतांपायी पॅरिसनजीकच्या बिसेत्र येथे कैदेत होता आणि तेथे त्याला बिलियर्ड्सचे टेबल उपलब्ध होते. १८०७ च्या सुमारास त्याने क्यूचे टोक गोलसर करून त्यावर चामडे बसवले, असे सामान्यतः मानले जाते. चामडे किंचित दबते आणि लाकडाहून अधिक पकड घेते. आता चेंडूला खाली मारून मागे आणता येऊ लागले, कडेला मारून वळवता येऊ लागले.

६/ सुटकेची वेळ आली तेव्हा अभ्यास पुरा करण्यासाठी मिंगोने आणखी काही काळ कैद मागून घेतली, अशी एक कथा बिलियर्ड्सच्या पुस्तकांत वारंवार भेटते. ती दंतकथा म्हणूनच वाचावी. त्याच्या कौशल्याचा भक्कम पुरावा म्हणजे १८२७ साली प्रसिद्ध झालेले त्याचे सचित्र पुस्तक. लंडनमधील टेबल बनवणारे जॉन थर्स्टन यांनी थोड्याच वर्षांत ते इंग्रजीत आणले.

७/ इंग्लंडमधील कथा अधिक रंजक आहे. बाथ शहरात बार्टली नावाच्या गृहस्थांचे बिलियर्ड्सगृह होते आणि जॅक कार हा तेथे गुण मोजणारा मार्कर होता. क्यूच्या टोकाला खडू लावून चेंडू कडेला मारला तर तो विलक्षण वळतो, हे बार्टलींनी त्याला दाखवले. कारने लोकांना सांगितले की ही सारी करामत आपल्या खास भुकटीची आहे, आणि त्या डब्या चढ्या भावाने विकल्या. आत होता साधा खडू.

८/ या लबाडीत एक सत्यही दडले होते. खडू खरोखरच आवश्यक होता, कारण चामड्याला घर्षण हवे असते. खोटे एवढेच होते की गुण डबीत आहे. तो मारण्याच्या जागेत आणि हातात होता. कडेच्या फिरकीला इंग्लंडमध्ये ‘साइड’ म्हणतात, तर अमेरिकेत तिचे नावच ‘इंग्लिश’ पडले.

९/ यामागचे गणित १८३५ साली मांडले गास्पार-गुस्ताव्ह कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने. वाऱ्यांच्या अभ्यासात ज्याच्या नावाचा परिणाम आपण शिकतो, तोच हा. बिलियर्ड्सवरील ग्रंथात त्याने दाखवले की चेंडूच्या मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर आघात केला असता कडेच्या फिरकीचा परिणाम सर्वाधिक मिळतो. योगायोग असा की खडू लावलेली टिपदेखील साधारण त्याच मर्यादेपर्यंत पकड ठेवते. त्यापलीकडे ती घसरते, म्हणजेच ‘मिसक्यू’ होतो.

१०/ या साऱ्याचे फळ भारतात दिसले. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने स्नूकरची जुळणी केली (पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन वेगळे). एक चेंडू खिशात घालताना पांढरा चेंडू पुढच्या फटक्यासाठी योग्य जागी आणणे हा या खेळाचा प्राण, आणि टिपेशिवाय तो अशक्य. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवले. वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेले ते पहिले भारतीय.

११/ १८९७ मध्ये अमेरिकन खेळाडू विल्यम स्पिंक्स आणि शिकागोचे रसायनज्ञ विल्यम हॉस्किन्स यांनी नव्या चॉकचे पेटंट घेतले. त्यात खडूऐवजी सिलिका आणि खरखरीत कण होते. आज आपण ज्याला ‘चॉक’ म्हणतो, त्यात बहुधा खडू नसतोच. नाव उरले, पदार्थ बदलला.

१२/ आता निवडीकडे वळू. पहिला प्रश्न आकाराचा. स्नूकरचा चेंडू ५२.५ मिमी व्यासाचा असतो आणि टिप साधारण ९ ते १० मिमीची. पूलचा चेंडू ५७.१५ मिमीचा, टिप १२ ते १३ मिमीची. लहान टिपेने नेमकी जागा साधणे सोपे जाते. मोठी टिप हाताची बारीक चूक थोडी पोटात घालते.

१३/ दुसरा प्रश्न कठीणपणाचा. टिप आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या एक-दोन सहस्रांश भागापुरताच टिकतो. मऊ टिपेवर तो किंचित लांबतो, आवाज दबका येतो, चॉक चांगले धरले जाते. पण टिप लवकर बसते आणि तिचा आकार बिघडतो. कठीण टिप आकार राखते आणि आघाताची अधिक ऊर्जा चेंडूला देते. मात्र चॉककडे दुर्लक्ष केले की ती घसरते. फिरकी किती मिळेल हे मुख्यतः आघाताची जागा ठरवते. नवख्याने मध्यम टिप घ्यावी, हे उत्तम.

१४/ तिसरा प्रश्न घडणीचा. अखंड चामड्याच्या एकाच डब्यातील टिपा कधी सारख्या नसतात. म्हणून जुने खेळाडू नखाने दाबून त्या निवडत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थरांच्या टिपा लोकप्रिय झाल्या. ‘मूरी’सारख्या जपानी टिपांनी पातळ चामड्याचे थर चिकटवून एकसारखेपणा आणला. किंमत वाढली, नशिबाचा भाग घटला.

१५/ टिपेच्या घुमटाचा हिशेब सोपा आहे. कोरिओलिसच्या मर्यादेवर मारताना चेंडू टिपेला जेथे टेकतो, ते अंतर टिपेच्या अक्षापासून घुमटाच्या त्रिज्येच्या निम्मे असते. अमेरिकेत निकेल नाण्याच्या वक्रतेचा घुमट प्रचलित आहे. २०११ च्या मालिकेतील आपले एक रुपयाचे नाणे जवळपास तेवढेच, २२ मिमी व्यासाचे. त्याची त्रिज्या ११ मिमी, निम्मे साडेपाच. १३ मिमीच्या टिपेत हे बसते. साडेनऊ मिमीच्या टिपेत कड पावणेपाचलाच संपते. म्हणून स्नूकरची टिप अधिक गोल हवी.

१६/ बसवताना जुनी टिप काढून क्यूचे टोक सपाट आणि स्वच्छ करावे. नव्या टिपेची मागची बाजू पॉलिशपेपरवर घासून खरखरीत करावी, गोंद बेताने लावावा आणि पूर्ण वाळू द्यावा. मग क्यू उलटा धरून टिप लाकडी फळीवर टेकवावी आणि बाहेर आलेली कड धारदार ब्लेडने थोडी थोडी उतरवावी. टोकाच्या धातूच्या किंवा प्लास्टिकच्या कड्याला ब्लेड लागू देऊ नये. घुमट सर्वांत शेवटी, हलक्या हाताने.

१७/ बाजू किंचित ओली करून चामड्याच्या तुकड्याने घोटली की कड घट्ट होते आणि अळंबीसारखी पसरत नाही. माथा मात्र चकाकू देऊ नये. चकाकला तर कानशीने हलकेच उठवावा. चामडे दमट हवेत ओल शोषून मऊ पडते, तेव्हा कोकणपट्टीच्या पावसाळ्यात टिप अधिक वेळा तपासावी. घासण्याचा अतिरेक नको, कारण गेलेले चामडे परत येत नाही.

१८/ दुकानात आज शेकडो टिपा मिळतात आणि प्रत्येकीसोबत एखादे गुपित विकले जाते. कारची डबी अजून बाजारातून गेलेली नाही. चांगल्या चामड्याला मोल आहेच, पण महागड्या टिपेचा घुमट बिघडलेला असेल तर स्वस्त आणि नीट राखलेली टिप तिला मागे टाकते. मिंगोजवळ टेबल, चामडे आणि भरपूर वेळ होता. त्यांतला वेळ तेवढा विकत मिळत नाही.

(समाप्त)