मांजरीचा कॅन्सर आणि परळपर्यंतचा दीडशे वर्षांचा रस्ता

आजची पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा. राजकारण शेवटी आहे, पण आहे.

आमची चिंगी मे महिन्यात गेली. मांजर. वय साधारण दहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला आतड्याचा लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर निघाला. त्यानंतर सात महिने आम्ही तिच्यावर उपचार केले. गावात ही बातमी माझ्या सगळ्या बातम्यांपेक्षा जोरात फिरली. नाक्यावर एकाने विचारलंच, "पत्रकार, मांजरीला किमो देतोस म्हणं?" शेजारच्या काकी तर स्पष्ट बोलल्या, "बाला, मानसाला खाट भेटं नाय, न् तू मांजरीला मुंबईला नेतंस?"

काकींचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी स्वतः सरकारी रुग्णालयातल्या खाटांवर कितीतरी बातम्या केल्यात. उत्तर मात्र सुचलं नाही. ते शोधता शोधता मी जुन्या कागदांत शिरलो आणि जे सापडलं ते आज मांडतोय.

आधी आजाराचं सांगतो, कारण तुमच्याही घरात मांजर असेल.

चिंगी ऑगस्टपासून वाळत चालली होती. आठवड्यातून दोनतीनदा उलटी. आम्ही म्हटलं, केसांचा गोळा असेल. एका ठिकाणी दाखवलं, जंताचं औषध आणि टॉनिक मिळालं. त्यात दोन महिने गेले. दोष फक्त औषध देणाऱ्याचा नाही. तिचं वजन करावं हे आम्हालाही सुचलं नाही. मांजर दुखणं लपवतं. कुत्रा कण्हतो, मांजर कपाटाखाली जाऊन बसतं आणि आपण म्हणतो, "म्हातारी झाली, झोपते."

मुंबईत सोनोग्राफी झाली, सुईने पेशी काढून तपासल्या. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "बरी होईल असं बोलणार नाही. काही महिने चांगले काढता येतील. प्राण्याच्या किमोत आम्ही डोस बेताचा ठेवतो, कारण तिला आयुष्य वाढल्याचा हिशोब कळत नाही, आजचा दिवस कळतो."

उपचारातलं मुख्य इंजेक्शन होतं व्हिन्क्रिस्टीन. ते सदाफुलीपासून काढतात. हो, तीच सदाफुली, जी तुमच्या-माझ्या दारात कुणी पाणी न घालता फुलते. मूळची मादागास्करची. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे या झाडात मधुमेहाचं औषध शोधत होते. साखर उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिसल्या. त्या धाग्यावरून कॅन्सरची औषधं निघाली. १९६३ मध्ये अमेरिकेत व्हिन्क्रिस्टीनला मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आजही तेच देतात. (सदाफुलीची पानं चावू नका, काढाही करू नका. झाड विषारी आहे. औषध वेगळं, पाला वेगळा.)

आता इतिहासाकडे.

मुंबईत परळला दोन दवाखाने आहेत. एक सगळ्यांना ठाऊक आहे, टाटा मेमोरियल, १९४१ साली सुरू झालेलं. आपल्या उरण-पनवेलमधून तिथे कोण गेलेलं नाही? प्रत्येक घरातलं कुणीतरी गेलंय. दुसरा दवाखाना त्याच परळमध्ये, टाटा मेमोरियलच्या जवळपास साठ वर्षं आधीपासून उभा आहे: बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं रुग्णालय. बैलघोडा इस्पितळ म्हणतात ते हेच.

त्याची गोष्ट कुत्र्यांपासून सुरू होते. जून १८३२ मध्ये मुंबई सरकारने भटके कुत्रे मारायची मोहीम चालवली. पारशी समाज खवळला, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. दगडफेक झाली, बाजार बंद झाले, फौज बोलवावी लागली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाईंसारख्या शेटियांनी मुंबईचा पांजरपोळ काढला. मारू नका, आमच्याकडे आणून सोडा. पण पांजरपोळ म्हणजे आसरा. तिथे जनावर मरेपर्यंत राहायचं. दया होती, वैद्यक नव्हतं.

१८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरच्या क्रौर्याला आळा घालणारी संस्था निघाली. ट्रामचे घोडे, गाड्यांचे बैल जखमी अवस्थेत जुंपले जायचे. मालकाला दंड करता येत होता, पण त्या बैलाचं पुढे काय? त्या प्रश्नातून रुग्णालय आलं. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांनी पैसा दिला, पत्नी साकरबाईंचं नाव दिलं आणि १८८३-८४ मध्ये परळला जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं. त्याला लागूनच १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जे. एच. स्टील हे पहिले प्राचार्य, लष्करी पशुवैद्य.

लष्करी हा शब्द ध्यानात ठेवा. त्याआधी १८६२ मध्ये पुण्यात जी पशुवैद्यक शाळा निघाली तीही लष्कराचीच. कशासाठी? घोडदळासाठी. सरकारला घोडा हवा होता, बैल हवा होता, कारण बैल मेला की शेत पडीक आणि शेत पडीक की सारा बुडाला. आपल्या जुन्या परंपरेतही तेच. शालिहोत्रांचं शास्त्र घोड्यांचं, पालकाप्यांचं हत्तींचं. राजाला जे जनावर लागतं त्याचा वैद्य असतो.

मांजर कुठेच नाही. मांजर सारा भरत नाही, नांगर ओढत नाही, दूध देत नाही.

एकदाच मांजरीचं नाव सरकारी कामात आलं, तेही आपल्या महाराष्ट्रात. १८९६ पासून प्लेगने मुंबई प्रांत आणि वऱ्हाड होरपळत होतं. तेव्हा अमरावतीकडे काम करणारे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू बुकॅनन यांनी गावोगावची मांजरं मोजायला लावली. ज्या गावांत मांजरं जास्त, तिथे उंदीर कमी आणि प्लेगही कमी, असं त्यांना दिसलं. १९०८ मध्ये त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला, मांजर हा प्लेगवरचा इलाज आहे म्हणून. आज आपल्याला माहीत आहे की मांजरालाही प्लेग होतो, त्यामुळे हा इलाज पूर्ण खरा नव्हता. पण विचार करा, माणसांच्या जिवासाठी उंदरांपुढे उभं केलेलं ते मांजर आजारी पडलं तर त्याला दवा कोण देणार होतं?

माणसांच्या कॅन्सरवरही मांजरीचं ऋण आहे. १९६४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत विल्यम जॅरेट या पशुवैद्याने एका घरातल्या अनेक मांजरांना लिम्फोमा झालेला पाहिला आणि त्यामागचा विषाणू शोधून काढला. विषाणूमुळे कॅन्सर होतो, तो मांजरातून मांजरात जातो, हे त्यातून सिद्ध होत गेलं. पुढे माणसातल्या अशाच जातीच्या विषाणूंचा, एचआयव्हीचासुद्धा, अभ्यास झाला तेव्हा हे ज्ञान हाताशी होतं. म्हणजे माणसाचा दवाखाना आणि मांजरीचा दवाखाना एकमेकांच्या ताटातलं ओढत नाहीत. दोघांची चूल एकच आहे.

काकींना द्यायचं अर्धं उत्तर मला इथे मिळालं. उरलेलं अर्धं काकींनीच दिलं. ते पुढे सांगतो.

चिरनेर ते मुंबई. माझ्याकडे मोटारसायकल आहे. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, आपल्या जमिनींवरून गेला, पण त्याच्यावर दुचाकीला बंदी. मग मित्राची ईको. जाताना २५० रुपये टोल. चिंगी भाजीच्या टोपलीत, वर जुनं लुगडं बांधलेलं. आधी दर आठवड्याला, मग तीन आठवड्यांनी. प्रत्येक वेळी आधी रक्ततपासणी, पांढऱ्या पेशी कमी असल्या की इंजेक्शन न देता परत. दोनदा तसंच परत आलो. टोल मात्र भरला.

किमोने मांजरीचे केस माणसासारखे जात नाहीत, मिशा गळतात. माझी मुलगी त्या फरशीवरून उचलून कंपासपेटीत ठेवायची. इंजेक्शननंतर दोनतीन दिवस तिचं शी-शू हातमोजे घालून काढायचं, कारण औषध त्यातून बाहेर पडतं. अन्नावरची वासना गेली की बायको मांदेलीचं पाणी कोमट करून वाटीत द्यायची. कोमट केलं की वास येतो, वास आला तरच मांजर खातं. डिसेंबरात तिचं वजन वाढलं. एक दिवस ती पत्र्यावर चढली. आमच्या घरात त्या दिवशी सण होता.

आणि मग जानेवारी २०२५. तुम्हाला आठवतंय. चिरनेरमध्ये बर्ड फ्लू निघाला. पांढरे पोशाख घातलेली पथकं आली, एक किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या मारून पुरल्या, दहा किलोमीटरवर नजर ठेवली. ते करणं भाग होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले होते, मध्य प्रदेशात छिंदवाड्यात घरची मांजरंही सापडली होती. आमच्या मांजरीची प्रतिकारशक्ती किमोने खाली आणलेली. आम्ही खिडक्यांना जाळी ठोकली, चिकन घरात आणणं बंद केलं आणि ती दारापाशी बसून ओरडायची.

त्या संध्याकाळी काकी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांच्याही कोंबड्या गेल्या होत्या. भरपाईचा कागद हातात होता. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पैशे देतील रं. पन एकेकीला नाव व्हतं." आणि पदराने डोळे पुसले. चिंगी जाळीमागून बघत होती. जाताना काकींनी विचारलं, "हिला आज खाल्लं काय?"

त्या दिवसानंतर त्या प्रश्नाला उत्तर द्यायची गरज उरली नाही. आमच्या दोघांचं दुःख एकाच जातीचं होतं.

मार्चमध्ये औषध लागू पडेनासं झालं. मेमध्ये ती पाणीही पिईना. डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन देऊन शांतपणे निरोप द्यायचा पर्याय सांगितला. आम्ही एक रात्र घेतली. ती रात्र घ्यायला नको होती, तिला त्रास झाला. हे मी कबूल करतो, कारण उद्या तुमच्यावर ती वेळ आली तर उशीर करू नका. परसात सदाफुलीच्या बाजूला पुरली.

आता राजकारण. मुंबईत महालक्ष्मीला जुलै २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. १६५ कोटींचं, पाच मजली. हे आधी आपल्या शेजारी कळंबोलीला होणार होतं. लोकांना प्रवास लांब पडेल म्हणून ते मुंबईत नेलं गेलं. मुंबईकरांच्या बाजूने विचार बरोबर आहे. पण आपल्याकडून मुंबई तितकीच लांब आहे, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. आपल्या लोकप्रतिनिधींकडून त्यावर मी एक शब्द ऐकला नाही. मीही तेव्हा बातमी केली नाही. माझं मांजर तेव्हा ठणठणीत होतं.

आपलं गाव २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहाने इतिहासात आहे. अक्कादेवीच्या रानात लोकांनी गोळ्या झेलल्या. लाकूडफाटा, गवत, गुरांचा चारा यांवर आमचा हक्क आहे, हे त्या लढ्याच्या मुळाशी होतं. जनावर आणि माणूस यांचं जगणं एकच, हे या मातीला कुणी शिकवायची गरज नाही.

म्हणून मागणी साधी आहे. कोट्यवधींचं रुग्णालय नको. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस कुत्र्या-मांजरांसाठी ठेवा, एक सोनोग्राफी मशीन आणि नसबंदीची सोय द्या. ग्रामसभेत ठराव मांडतोय, या.

तोवर घरी करण्यासारखं:
दर महिन्याला मांजराचं वजन करा. आधी स्वतःचं, मग त्याला उचलून घेऊन, वजाबाकी करा.
मादीची नसबंदी वर्षाच्या आत करा. स्तनांच्या कॅन्सरचा धोका खूप कमी होतो, आणि मांजरीतल्या स्तनांच्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या निघतात.
पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकाला, नाकाला न भरणारी जखम दिसली तर थांबू नका. उन्हाने तिथे कॅन्सर होतो.
ताप आला म्हणून पॅरासिटामॉल कधीच देऊ नका. मांजरीला ते विष आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

कुणाला असा अनुभव आला असेल तर खाली लिहा. "मांजरासाठी एवढं?" असं लिहिणार असाल तर तेही लिहा. पण आधी शेजारच्या काकींना भेटून या.